कंसातला नंबर

माणसांचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. एक, यादी करून मग कामाला लागणाऱ्यांचा; आणि दुसरा, काम उरकल्यावर 'यादी कशाला हवी होती?' असे विचारणाऱ्यांचा. मी पहिल्या वर्गातला आणि आमची सौभाग्यवती दुसऱ्या. पण तीस वर्षांच्या संसारात त्यावाचून आमचे कधी अडले नाही, हे कबूल केले पाहिजे. मी यादी करतो, ती कामे करते. आणि काम झाले, की मी यादीवर बरोबरची खूण करतो.

त्यातही मी साधा यादीवाला नव्हे. माझी सारी नोकरी बांधकामाच्या कंपन्यांत, 'प्लॅनिंग इंजिनियर' या हुद्द्यावर गेली. पूल, धक्का किंवा पंपघर बांधायचे म्हणजे हजारो कामे. कोणते काम कोणी, केव्हा आणि कशाच्या आधी करायचे, याचा हिशेब ठेवणारा तो प्लॅनिंगवाला. साइटवर उन्हात उभी असणारी मंडळी आम्हाला मनातून रिकामटेकडे समजतात. पण काम लांबले, की साऱ्यांना हटकून आमचीच आठवण होते.

या नोकरीत एक सवय माझ्या हाडीमासी खिळली. ती म्हणजे दिसेल त्या कामाला नंबर देणे. हा नंबर साधा एक-दोन-तीन असा नव्हे. हा कुळाचा नंबर असतो. सगळ्या कामाचे आधी पाच-सात मोठे भाग पाडायचे, त्यांना १, २, ३ असे आकडे द्यायचे. मग १ च्या पोटात १.१, १.२, आणि १.२ च्या पोटात १.२.१, १.२.२. एक टिंब म्हणजे एक पिढी. नंबर वाचला, की कामाचा बाप कोण, आजा कोण, भावंडांत ते कितवे, हे न विचारता कळते. इंग्रजीत याला 'वर्क ब्रेकडाऊन स्ट्रक्चर' असे भारदस्त नाव आहे. मी त्याला कामाची उतरंड म्हणतो.

गेल्या वर्षी कन्येचे लग्न ठरले. मार्गशीर्षातली तारीख निघाली, आणि त्याच रात्री मी संगणक उघडून बसलो.

"हे काय चालले आहे?" सौभाग्यवतीने विचारले.

"लग्नाची उतरंड रचतोय."

"रचा. पण खालचे मडके काढू नका म्हणजे झाले," असे म्हणून ती झोपायला गेली.

मध्यरात्रीपर्यंत सात मोठे भाग पडले. १ कार्यालय, २ कपडे व दागिने, ३ आमंत्रणे, ४ धार्मिक विधी, ५ जेवण, ६ पाहुण्यांची सोय आणि ७ मानपान. जाणत्यांचा सल्ला असा, की उतरंडीत वस्तूंची नावे घालावीत, धावपळीची नव्हेत. 'पत्रिकांसाठी फिरणे' असे न लिहिता 'पत्रिका' लिहावे. फिरणे काय, कधी संपतच नाही. दुसरा नियम शंभर टक्क्यांचा. मुलांची कामे मिळवली, की बापाचे काम पुरे झाले पाहिजे. काही बाहेर राहता कामा नये आणि बाहेरचे काही आत शिरता कामा नये. सकाळी चहाच्या वेळी मी हा नियम मोठ्या दिमाखाने घरात सांगितला. सौभाग्यवतीने यादीवर नजर टाकली आणि म्हणाली, "रुसणाऱ्यांची समजूत कुठे आहे यात?" मी मुकाट्याने ७.४ वाढवला.

या सॉफ्टवेअरची एक गंमत मला नेहमी वाटत आली आहे. बापाच्या ओळीला स्वतःची तारीख नसते. सर्वांत आधीचे मूल सुरू होईल तेव्हा बाप सुरू होतो आणि सर्वांत उशिराचे मूल संपेल तेव्हा बाप संपतो. मधल्या काळात त्याने नुसते वर बसून राहायचे. मुलीच्या लग्नात बापाची नेमकी हीच स्थिती असते, हे तेव्हा मला उमगायचे होते.

आणखी एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. नंबर सांगतो ते कूळ. कोणाचे काम कोणावाचून अडले आहे, हे तो सांगत नाही. गुरुजी चौथ्या घराण्यातले आणि पत्रिका तिसऱ्या. पण गुरुजींनी मुहूर्त दिल्याशिवाय पत्रिका छापता येत नाहीत. तेव्हा कूळ वेगळे आणि सोयरीक वेगळी. ही सोयरीक दाखवायला दुसरा रकाना असतो. दोन्ही रकाने भरले, तरच तारखा खऱ्या निघतात.

यादी तयार झाली, तेव्हा ती दाखवायला पहिले माणूस डोळ्यांसमोर आले ते दादा.

दादा माझे थोरले बंधू. नऊ वर्षांनी मोठे. साताऱ्याकडच्या आमच्या गावी राहायचे. सारी हयात तलाठी म्हणून गेली आणि निवृत्तीनंतरही त्यांचे बोलणे दप्तरातच चालायचे. ते आले, चष्मा पुसून पडद्याकडे पाहू लागले आणि एकदम हसले.

"अरे, हे तर आमचे पोटहिस्से!"

मग त्यांनी मला माझाच धंदा समजावून सांगितला. एक सर्व्हे नंबर असतो, समज बेचाळीस. दोन भावांत वाटणी झाली, की ४२/१ आणि ४२/२ होतात. दुसऱ्याच्या मुलांनी पुन्हा वाटणी केली, की ४२/२/अ आणि ४२/२/ब. नंबर वाचला, की जमीन कोणाकोणातून फुटत आली ते कळते. "तुमचे टिंब, आमची तिरकी रेघ," दादा म्हणाले. "फरक एवढाच, की तुमच्याकडे कामे वाटली म्हणजे ती सोपी होतात. आमच्याकडे जमिनी वाटल्या म्हणजे माणसे अवघड होतात."

जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती त्या वेळी मी नुसती ऐकून घेतली. सातबाराचा उतारा हाताने लिहिला जाई, तेव्हाची ती रीत. खातेदार वारला, की फेरफार होऊन वारसांची नावे लागत. पण जुने नाव खोडून नाहीसे करायचे नाही. त्याला कंस करायचा. नाव तेथेच राहते, वाचता येते. फक्त त्याचा हक्क आता पुढे गेला, एवढे तो कंस सांगतो. "आपल्या उताऱ्यावर बाबा कंसात आहेत," दादा म्हणाले. "त्यांना कंस मीच केला. माझ्या हाताने."

मी विषय बदलला आणि त्यांना त्यांचा नंबर दाखवला. ५ जेवण; त्यात ५.१ आचारी, ५.२ वाढपी आणि ५.३ पंगतीची देखरेख. हे शेवटचे दादांचे. आमच्या घराण्यात गेल्या चाळीस वर्षांतली एकही पंगत दादांच्या आग्रहावाचून उठलेली नाही. 'पुरे' म्हणणाऱ्याच्या पानावर एक जिलबी, आणि 'नकोच' म्हणणाऱ्याच्या पानावर दोन, असा त्यांचा हिशेब.

यादी सगळ्या नातलगांच्या मोबाइलवर गेली आणि नंबरांचा संसार सुरू झाला. मामांना उरलेल्या अन्नाची व्यवस्था दिली होती, नंबर ५.१०. त्यांनी शाळेतल्या गणिताप्रमाणे शेवटचे शून्य उडवले आणि आपल्याला ५.१ केले, म्हणजे आचाऱ्याच्या बरोबरीला बसवले, असा समज करून घेतला. हे टिंब दशांशचिन्ह नव्हे, ५.१० हा ५.९ च्या पुढचा, हे पटवायला मला अर्धा तास लागला. ७.४ चा पहिला उपयोग तेथेच झाला. दादा मात्र नंबरावर बेहद्द खूष. रविवारी सकाळी फोन वाजायचा आणि पलीकडून खणखणीत आवाज यायचा, "५.३ बोलतोय! आचारी कढीत गूळ घालणारा आहे ना?"

येथे माझ्या जुन्या चुकीची एक गोष्ट सांगितली पाहिजे. पुढे जे घडले, ते तिच्यावाचून कळायचे नाही.

ही उतरंड काही माझ्या डोक्यातून निघालेली नव्हे. १९५८ च्या सुमारास अमेरिकेच्या नौदलाने पाणबुडीतून सोडायच्या पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी 'पर्ट' नावाची आखणीची पद्धत काढली. १९६२ साली तेथील संरक्षण खाते आणि नासा यांनी मिळून जी मार्गदर्शिका काढली, तीत कामाची ही उतरंड सांगितलेली आहे. आणि १९६८ साली संरक्षण खात्याने तिचे प्रमाण ठरवून दिले. प्रायमाव्हेरा, मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट ही सॉफ्टवेअरे आली ती १९८३-८४ च्या सुमारास. तोवर हे सारे भल्यामोठ्या कागदांवर पेन्सिलीने आणि खोडरबराने चालायचे. संगणकाने खोडरबर घेतले आणि त्याबरोबर एक धोकाही आणला. खोडल्याची खूण उरेनाशी झाली.

१९९६ साली मी एका मोठ्या साइटवर होतो. वय लहान, टापटिपीची हौस दांडगी. काम निम्म्यावर आले असताना मालकाने एक छोटा भाग रद्द केला. समजा, १.४.२. यादीत मधेच भोक पडले. १.४.१ नंतर एकदम १.४.३! मला ते पुढचा दात पडल्यासारखे दिसू लागले. मी सगळे नंबर वर सरकवले. पंपघर होते १.४.३, ते झाले १.४.२. यादी मोत्यांच्या सरीसारखी दिसू लागली. पण स्टोअरच्या वहीत, ठेकेदाराच्या बिलांत आणि नकाशांच्या कोपऱ्यांत जुने नंबर तसेच होते. दोन महिने पंपघराचे सिमेंट शेजारच्या भिंतीच्या खात्यावर चढत राहिले. चूक सापडली तेव्हा आमचे वरिष्ठ ओरडले नाहीत. ते एवढेच म्हणाले, "नंबर तुझ्या कागदावर आहे तोवर तुझा. दुसऱ्याने तो लिहून घेतला, की तो त्याचाही झाला."

हे तत्त्व जाणणारे लोक मोठे काम करून जातात. आपला पिनकोडच घ्या. १५ ऑगस्ट १९७२ रोजी तो सुरू झाला. त्याची योजना केली ती टपाल खात्यातले आपले श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी. हे गृहस्थ संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. पिनकोड म्हणजे उतरंडच. पहिला आकडा देशाच्या विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा टपाल वाटणाऱ्या जिल्ह्याचा आणि उरलेले तीन पोस्टाचे. पण मुंबईकर त्याआधीच पत्त्यात 'दादर, मुंबई २८' असे लिहीत होते. नव्या योजनेत तो अठ्ठावीस पुसला गेला नाही. ४०००२८ या नंबरात तो शेवटी तसाच जाऊन बसला. म्हणून आजही एखादे म्हातारे गृहस्थ 'मुंबई २८' म्हणाले, तर कोणाला काही चुकल्यासारखे वाटत नाही. नवे करावे, पण ते असे.

आषाढात दादा गेले. रात्री जेवून अंगणात बसले होते. पाणी मागितले आणि पाणी येईपर्यंत आटोपले होते.

तेराव्यानंतर मी दबकत वहिनींना म्हणालो, "लग्न पुढे ढकलू या. वर्ष जाऊ द्या."

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांनी जिलब्यांचा हिशेब करून वहीत लिहून ठेवलाय. तारीख हलवायची नाही."

तारीख हलली नाही. घरी परतल्यावर चार दिवसांनी मी संगणक उघडला. काम करणाऱ्यांच्या रकान्यात दादांचे नाव होते आणि ते तसेच ठेवून आखणी होणार नव्हती. पंगतीची देखरेख कोणी तरी करायलाच हवी होती. पुतण्या तयार झाला होता. तसे पाहिले, तर काम एका मिनिटाचे. ५.३ च्या ओळीवरचे एक नाव काढून दुसरे घालायचे. मी हात नेला आणि थांबलो. रविवारी कोणी 'पाच-तीन बोलतोय' म्हणाला, तर तो दुसराच कोणी असावा, हे मला सोसवेना.

म्हणून मी दुसरा मार्ग काढला. पुतण्यासाठी शेवटी नवी ओळ घातली, ५.११, आणि ५.३ ची ओळ निवडून ती गाळून टाकली.

आता, साइटवरचे नंबर आम्ही स्वतः ठरवून पक्के बसवतो. ओळ गाळली, तरी ते आपण सांगितल्याशिवाय सरकत नाहीत. पण हे घरचे कार्य म्हणून मी आळस केला होता आणि सॉफ्टवेअर आपोआप घालते तेच नंबर राहू दिले होते. ते नंबर जागेवर अवलंबून असतात. ओळ गेली आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच खालची मंडळी एकेक पायरी वर चढली. ५.४ वर 'विड्यांचे तबक' होते, ते ५.३ झाले.

चाळीस वर्षांची पंगत आणि तिच्या जागी विड्यांचे तबक. संगणकाचा यात काही अपराध नव्हता. जागा रिकामी झाली, की पुढच्याने सरकायचे, एवढेच त्याला शिकवलेले. बसच्या रांगेत आपणही तेच करतो. मी घाईने गाळलेली ओळ परत आणली.

मग आठवले, की या सॉफ्टवेअरच्या मोठ्या आवृत्तीत ओळ न गाळता निष्क्रिय करण्याची सोय आहे. ओळ जागेवर राहते, नंबर राहतो, तारखांवर मात्र तिचा भार पडत नाही. मी ते केले. ओळ करड्या रंगाची झाली आणि तिच्यावर आडवी काट बसली.

सौभाग्यवती मागे केव्हा येऊन उभी राहिली, ते मला कळले नव्हते.

"नावावर काट मारलीत?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. चढलेला असता, तर बरे झाले असते.

तेव्हा मला दादांचा कंस आठवला. मी काट काढून टाकली. ओळ पुन्हा जिवंत केली. तिचा कालावधी शून्य केला आणि आजूबाजूला दोन कंस घातले. (पंगतीची देखरेख : दादा.) नंबर तोच, ५.३. कालावधी शून्य केला, की हे सॉफ्टवेअर त्या ओळीपुढे पट्टी काढत नाही; शंकरपाळ्याच्या आकाराची एक काळी खूण काढते. आमच्या धंद्यात तिला मैलाचा दगड म्हणतात. मी ती मुद्दाम काढली नव्हती. ती आपण होऊन आली.

नवी यादी सर्वांना गेली. एरवी प्रत्येक यादीवर दहा शंका विचारणाऱ्या आमच्या गोतावळ्यात त्या दिवशी कोणी काही विचारले नाही. फक्त मामांचा फोन आला. म्हणाले, "माझा ५.१० कायम आहे ना?" मी हो म्हटले. थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "बरे केलेस," आणि त्यांनी फोन ठेवला. ते कशाबद्दल बोलत होते, हे दोघांनाही ठाऊक होते.

लग्न यथासांग झाले. कार्यालयवाल्यांनी 'बुफे ठेवा, सोयीचे पडते' असे तीनदा सुचवले. आम्ही पंगतच धरली. पुतण्या जिलबीचे ताट घेऊन उभा राहिला. पहिल्या पंगतीत तो फार लाजत होता. 'पुरे' म्हटले, की पुढे सरकायचा. दुसऱ्या पंगतीत वहिनी त्याच्याजवळ गेल्या आणि हळूच काही बोलल्या. त्यानंतर 'पुरे' म्हणणाऱ्याच्या पानावर एक आणि 'नकोच' म्हणणाऱ्याच्या पानावर दोन, असे सुरू झाले. मी आपला बापाच्या ओळीसारखा वर बसून पाहत होतो.

संध्याकाळी आवराआवर करताना वहिनींनी कार्यालयाच्या भिंतीवर चिकटवलेला यादीचा कागद काढून घेतला. चार घड्या घातल्या आणि पिशवीत ठेवला. "दप्तरी असू दे," एवढेच म्हणाल्या.

आता या दिवाळीला जावई दिवाळसणासाठी यायचे आहेत. साहजिकच मी नवी यादी करायला बसलो आहे. आणि सौभाग्यवतीने साहजिकच यादीकडे न बघता चकल्यांची भाजणी दळून आणली आहे. परवा रविवारी सकाळी फोन वाजला. आवाज कोवळा, पण खणखणीत होण्याच्या मार्गावर असलेला.

"काका, ५.११ बोलतोय. दिवाळसणाला माझा नंबर काय?"

"तोच," मी म्हणालो. "आपल्याकडे एकदा दिलेला नंबर बदलत नाही."